हृदयाच्या तंतुकणिकांसाठी घेतलेल्या कॅप्सूल : तीन महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

खोक्यावर लालबुंद हृदयाचे चित्र आहे. त्याच्या आत शेंगांच्या आकाराच्या चार तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, नारिंगी दिव्यांसारख्या उजळलेल्या दाखवल्या आहेत आणि त्यांच्याखाली ठळक इंग्रजी अक्षरांत ‘मायटोकॉन्ड्रियल कार्डिओप्रोटेक्शन’ (तंतुकणिकांच्या मार्फत हृदयाचे रक्षण) असे छापले आहे. आतल्या बाटलीत को-एन्झाइम क्यू-टेन या, ऊर्जानिर्मितीत लागणाऱ्या आणि शरीर स्वतःही बनवत असलेल्या पदार्थाच्या, त्यातही युबिक्विनॉल या प्रकाराच्या, १०० मिलिग्रॅमच्या ३० कॅप्सूल आहेत. किंमत ८४० रुपये. माझ्या यजमानांनी या कॅप्सूल सलग तीन महिने घेतल्या, आणि मी पदवीच्या वर्गांना सत्तावीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवलेले असल्यामुळे खोक्यावरच्या त्या दोन शब्दांकडे मला काही केल्या काणाडोळा करता आला नाही. म्हणून हे परीक्षण नेहमीपेक्षा लांबले आहे. उत्पादनाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच प्रकारची निदान पाच-सहा खोकी औषधांच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असतात, त्यांच्यावरचा मजकूर जवळपास एकाच साच्यातला असतो, आणि मला जे म्हणायचे आहे त्यातले बरेचसे त्या सर्वांना लागू आहे.

यजमानांना गेल्या वर्षी मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आला. पहाटे साडेचारला छातीत कळ आली, सहाच्या सुमारास आम्ही रुग्णालयात पोहोचलो आणि त्यानंतर सव्वा तासाच्या आत त्यांच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत स्टेंट बसला. पुढे सगळे ठीक चालले होते, परंतु पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या, आणि रंकाळ्यावर रोज सकाळी त्यांच्यासोबत फिरणाऱ्या मित्राने तिथल्या तिथे निदान करून टाकले : “कोलेस्टेरॉलच्या गोळीनं क्यू-टेन कमी होतं. हे सुरू करा, हृदयालाही कवच मिळतं.” या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग शास्त्राला धरून आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिन वर्गातल्या गोळ्या यकृतातल्या ज्या रासायनिक मार्गावर अडसर घालून कोलेस्टेरॉल कमी करतात, त्याच मार्गाच्या एका फाट्यावर शरीर स्वतःचे क्यू-टेन बनवते, त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातले त्याचे प्रमाण घटते हे खरेच आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाला, म्हणजे त्या कवचाला, मात्र मला हात घालावा लागणार आहे.

हृदयाचे पोट हातावर असते. ते दिवसभरात सुमारे सहा किलो एटीपी, म्हणजे पेशींचे ऊर्जेचे रोख चलन, तयार करते आणि वापरून टाकते, पण कोणत्याही क्षणी त्याच्यापाशी शिल्लक असलेला साठा जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो. ही सततची मिळकत जवळजवळ संपूर्णपणे तंतुकणिकांकडून येते, आणि म्हणूनच हृदयाच्या स्नायुपेशीच्या आकारमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या मधल्या अरुंद जागांत त्या वखारीतल्या पोत्यांप्रमाणे ओळीने रचलेल्या दिसतात. धमनीत गुठळी अडकून प्राणवायू तुटला की या तंतुकणिकांमधली इलेक्ट्रॉन वहन साखळी, म्हणजे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत ऊर्जा काढणारी रांग, शेवटच्या टोकापासून मागे तुंबत जाते. एटीपी तयार करणारे यंत्र तेवढ्यावर नुसते थांबत नाही, ते उलट फिरू लागते आणि पेशीत उरलासुरला एटीपी स्वतःच मोडून खाऊ लागते. मिळवता माणूसच घरातली भांडी विकायला काढतो, तसा हा प्रकार आहे. पेशी मग साखर अर्धवट मोडून कशीबशी गुजराण करते, त्यातून आम्ल साचते, आम्ल बाहेर टाकण्याच्या बदल्यात सोडियम आत येते, सोडियम बाहेर काढण्याच्या बदल्यात कॅल्शियम आत येते, आणि अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब चक्रातला सक्सिनेट नावाचा एक मधला पदार्थ वापराविना ढिगाने गोळा होत राहतो. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त परत आले तर बहुतेक पेशी सावरतात. त्यापुढे मात्र हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे पेशींच्या मृत्यूची लाट सरकू लागते.

रक्त परत आले की सुटलो, असे आपल्याला वाटते, आणि मार्चमधल्या त्या सकाळी बाहेरच्या बाकावर बसून मलाही तसेच वाटले होते. वास्तविक पुढची काही मिनिटे तंतुकणिकांसाठी सर्वांत घातक असतात. प्राणवायू मिळताच साचलेले सक्सिनेट भसाभस जळू लागते, इलेक्ट्रॉनांचा लोंढा इतका मोठा असतो की त्यातले काही साखळीत पुढे जाण्याऐवजी उलट्या दिशेने पहिल्या टप्प्याकडे फिरतात, आणि तिथे मुक्त मूलकांचा, म्हणजे आसपासच्या रेणूंची नासधूस करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, भडका उडतो. केंब्रिजमधल्या संशोधकांच्या गटाने ही सक्सिनेटची कडी २०१४ साली स्पष्ट करून दाखवली. त्याच वेळी साचलेले आम्ल धुऊन निघते. ऐकायला हे चांगले वाटते, पण तंतुकणिकेच्या आतल्या पटलात एक रंध्र असते, आणि इतका वेळ ते मिटलेले ठेवण्यात त्या आम्लाचाच हात होता. आम्ल गेले, कॅल्शियम भरपूर आहे, मुक्त मूलके भोवती नाचत आहेत, अशा अवस्थेत ते रंध्र उघडते, पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब कोसळतो, पाणी आत शिरते, तंतुकणिका फुगते आणि तिचे बाहेरचे आवरण फाटते. अशा तंतुकणिका पुरेशा संख्येने फाटल्या की ती पेशी परत येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवरून असा अंदाज बांधला जातो की अंतिम नुकसानीपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा रक्त बंद पडण्याचा नसून ते परत येण्याचा असू शकतो. तेव्हा तंतुकणिकांच्या मार्फत हृदयाचे रक्षण करणे याचा काटेकोर अर्थ काढायचा झाला, तर तो ‘त्या मोजक्या मिनिटांत ते रंध्र मिटलेले ठेवणे’ असा आहे.

हे रक्षण शक्य आहे का? आहे, आणि ते शरीराला स्वतःला येते. १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद केली, प्रत्येक वेळी मध्ये पाच मिनिटे रक्त वाहू दिले, आणि त्यानंतर ती चाळीस मिनिटे बंद ठेवली. आधीच वीस मिनिटांचा त्रास सोसलेल्या या हृदयांचे नुकसान जास्त व्हावे, असा कोणीही तर्क केला असता. प्रत्यक्षात मेलेल्या स्नायूचे प्रमाण, थेट चाळीस मिनिटे बंद ठेवलेल्या हृदयांच्या मानाने, सुमारे एक चतुर्थांशावर आले. छोट्या छोट्या उपासमारींनी हृदय मोठ्या दुष्काळासाठी तयार झाले होते. या तयारीचे निरोप अडीनोसिनसारख्या रेणूंपासून निघून अनेक टप्प्यांनी अखेर तंतुकणिकांपर्यंत पोहोचतात आणि ते रंध्र सहजासहजी उघडेनासे होते, हे पुढच्या दोन दशकांत उलगडत गेले. वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी फळ्यावर काढत असे, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारत असे की मग माणसाला अधूनमधून थोडा थोडा हार्ट अटॅक दिला तर चालेल का. प्रश्न वाटतो तितका वात्रट नाही. झटक्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत छातीत थोडे थोडे दुखून गेलेल्या रुग्णांचे नुकसान पुष्कळदा कमी झालेले आढळते. यजमानांनाही आदल्या संध्याकाळी जिना चढताना दोनदा छाती भरल्यासारखी झाली होती आणि ते त्यांनी मला सांगितले नव्हते. त्या त्रासाचा त्यांना उपयोग झाला असेलही. परंतु तशी कळ येऊन गेली की तिच्या भरवशावर न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा, हे इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता प्रश्न उरतो तो बाहेरून, औषधाने, हेच साधण्याचा. सायक्लोस्पोरिन हे अवयवरोपणात वापरले जाणारे जुने औषध त्या रंध्राच्या सायक्लोफिलिन-डी या भागाला चिकटते आणि रंध्र उघडू देत नाही, हे प्रयोगशाळेत पक्के झालेले आहे. २००८ साली फ्रान्समध्ये झटका आलेल्या ५८ रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला, धमनी उघडण्याच्या अगदी आधी ते शिरेतून दिले गेले, आणि नुकसान कमी झाल्याचे दिसले. तेव्हा आम्हां शिकवणाऱ्यांना झालेला आनंद मला आठवतो. पुढच्या तासाला मी अभ्यासक्रम बाजूला ठेवून तेच शिकवले होते. २०१५ साली ९७० रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि त्यांत फायदा दिसला नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो आळीपाळीने फुगवायचा आणि सोडायचा, म्हणजे हातातून निघालेला निरोप हृदयापर्यंत पोहोचेल, या कल्पनेची चाचणी २०१९ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांवर पूर्ण झाली, आणि वर्षभरानंतर मृत्यू आणि हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती होणे यांत फरक आढळला नाही. तंतुकणिकेच्या आतल्या पटलातील कार्डिओलिपिन या मेदाला धरून राहणारे एलामिप्रेटाइड नावाचे पेप्टाइडही झटक्याच्या रुग्णांत नुकसानीचा आकार कमी करू शकले नाही. प्रयोगातले प्राणी तरुण आणि निरोगी असतात. रुग्णालयात येणारा माणूस साठीचा असतो, त्याला पुष्कळदा मधुमेह असतो, आणि मधुमेहाने शरीराची ही उपजत तयारीच बोथट होते. त्यातच त्याला रुग्णवाहिकेपासून चार प्रकारची औषधे दिलेली असतात. कारणे अशी अनेक सांगितली जातात.

हा सगळा इतिहास मी अशासाठी लिहिला की नेमके औषध, नेमक्या मिनिटाला, थेट शिरेतून देऊनही जे भल्याभल्यांना माणसात साधलेले नाही, ते ८४० रुपयांच्या बाटलीवर दोन शब्दांत छापून मोकळे होणे मला खटकले. खोक्यातल्या माहितीपत्रकात ‘इस्केमिक इजेपासून (रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या इजेपासून) संरक्षण’ असा उल्लेख दोनदा आला आहे. कशाच्या आधारे, हे एकदाही आलेले नाही.

को-एन्झाइम क्यू-टेनची स्वतःची योग्यता काय, हे मात्र वेगळे पाहिले पाहिजे, कारण जाहिरात वाईट म्हणून पदार्थ वाईट ठरत नाही. त्याचा शोधच मुळी हृदयात लागला. १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी गुरांच्या हृदयातील तंतुकणिकांमधून हा पिवळा पदार्थ वेगळा केला. इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांवरून इलेक्ट्रॉन उचलायचे आणि तिसऱ्या टप्प्यावर नेऊन पोहोचवायचे, ही त्याची हमाली. पीटर मिचेल यांना तंतुकणिका ऊर्जा कशी साठवतात या सिद्धान्तासाठी १९७८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या मांडणीत या हमालाच्या फेऱ्यांना महत्त्वाचे स्थान आहे. ओझे घेतलेल्या रूपाला युबिक्विनॉल म्हणतात आणि ओझे उतरवलेल्या रूपाला युबिक्विनोन. युबिक्विनॉल पटलातल्या मेदांचे मुक्त मूलकांपासून रक्षण करते, हेही खरे आहे, आणि माहितीपत्रकाने सगळा भर त्यावरच दिला आहे.

परंतु याच जागी पत्रक लिहिणाऱ्याने गोष्ट अर्धीच सांगितली आहे. वर मी इलेक्ट्रॉन उलटे फिरतात असे म्हटले, ते ज्याच्यावर बसून फिरतात तो वाहक हाच. रक्त परत आल्यावर सक्सिनेटच्या लोंढ्याने पटलातले जवळजवळ सगळे क्यू-टेन ओझे घेतलेल्या रूपात, म्हणजे युबिक्विनॉलच्या रूपात, जाते, आणि ओझे उतरवायला पुढे जागा नसल्यामुळे इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात. ज्या रेणूला खोक्यावर रखवालदार म्हणून उभे केले आहे, तोच त्या घातक मिनिटांत चोरवाटेचाही भाग असतो. यावरून कॅप्सूल घेतल्याने इजा वाढते असा अर्थ कोणी काढू नये, तसे मी म्हणत नाही. पोटातून घेतलेला पदार्थ त्या क्षणी त्या पटलात काय करील, हे ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे रक्षण करणारच’ इतक्या सरळ हिशेबाने ठरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. परीक्षेत कोणी असे उत्तर लिहिले असते तर मी पाचपैकी दोन गुण दिले असते.

या पदार्थाचा पुरावा जिथे बऱ्यापैकी आहे ती जागा निराळी आहे. ज्यांचे हृदय दीर्घकाळ दुबळे झाले आहे अशा ४२० रुग्णांवर ‘क्यू-सिम्बायो’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांसोबत दोन वर्षे क्यू-टेन घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना हृदयाशी संबंधित गंभीर घटनांना तोंड द्यावे लागले. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र चाचणी लहान होती आणि ठरवले होते तितके रुग्ण तिला मिळाले नाहीत, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञ तिच्याकडे आशेने पण हात राखूनच पाहतात. स्वीडनमध्ये ४४३ वृद्धांपैकी सुमारे निम्म्यांना सेलेनियम आणि क्यू-टेन एकत्र चार वर्षे देऊन केलेल्या अभ्यासातही हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तिथे सेलेनियमचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. आता मात्रेकडे पाहू. क्यू-सिम्बायोमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम दिले होते. आमच्या बाटलीवर ‘दिवसातून एक कॅप्सूल’ असे लिहिले आहे, म्हणजे १०० मिलिग्रॅम. चाचणीची पुण्याई घ्यायची आणि मात्रा तिसरा हिस्सा द्यायची, हा व्यवहार मला पटत नाही. चाचणीइतकी मात्रा घ्यायची तर महिन्याचा खर्च २,५२० रुपयांवर जातो, आणि दुबळ्या हृदयाच्या रुग्णाची औषधांची यादी आधीच लांबलचक असते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. कॅप्सूल लांबट, मऊ आणि अपारदर्शक आहे, गिळायला सोपी आहे, तिला तेलकट असा किंचित वास येतो, पण जिभेवर काही चव रेंगाळत नाही. पहिल्या बाटलीतली एक कॅप्सूल मी ब्लेडने उभी चिरून पांढऱ्या बशीत ठेवली. आतला लगदा सायीसारखा पांढुरका होता. युबिक्विनॉल असायला हवे तसेच ते होते, कारण हे रूप फिकट असते आणि हवा लागली की हळूहळू पिवळ्या-नारिंगी युबिक्विनोनमध्ये बदलते. बशी मी कपाटावर तशीच ठेवली आणि चौथ्या दिवशी लगद्याच्या कडा हळदीचे बोट लागल्यासारख्या पिवळसर झाल्या होत्या. दुसरी बाटली मुलाने ऑनलाइन मागवली, कारण तिथे ती १२० रुपयांनी स्वस्त होती. एप्रिलच्या उन्हात ती दारात आली तेव्हा खोके हाताला गरम लागत होते. त्या बाटलीतली कॅप्सूल चिरली, तर आतला लगदा चिरल्या चिरल्याच पिवळा निघाला. डोळ्यांनी केलेल्या तपासणीवर निकाल देता येत नाही आणि रंगाला दुसरेही कारण असू शकते, हे मान्य. तरीही साध्या युबिक्विनोनपेक्षा युबिक्विनॉलसाठी जवळपास दुप्पट दाम मोजायचे आणि ते वाटेतच उन्हाने पालटायचे, ही शंका आली की ती जात नाही. शरीर या दोन रूपांची अदलाबदल स्वतःच करत असते, त्यामुळे कॅप्सूल वाया गेली असे नव्हे. वाया गेला तो दोन किमतींमधला फरक. तिसरी बाटली आम्ही पुन्हा ओळखीच्या दुकानातून, पंख्याखालच्या फळीवरून आणली. ती पांढरी निघाली.

वेष्टनावरच्या बाकीच्या मजकुरात दोन गोष्टी वाचकांनी स्वतः पाहाव्यात. अशा कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून विकल्या जातात आणि त्यांच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. ते वाक्य इथेही आहे, बारीक अक्षरांत, खोक्याच्या तळाशी, पत्त्याच्या वर. समोरच्या बाजूला हृदयाचे संरक्षण आणि तळाला औषधी वापराची मनाई, अशी ही दोन तोंडे आहेत. दुसरी गोष्ट आमच्या घरात जास्त गाजली. सुनेने आठव्या दिवशी बाटली हातात घेतली आणि तिला मागच्या बाजूचा तपकिरी त्रिकोण दिसला, म्हणजे कॅप्सूलचे कवच प्राणिजन्य जिलेटिनचे होते. यजमान माळकरी आहेत. चूक आमचीही होती, आम्ही पाहायला हवे होते. पण दुकानदाराने ते आपणहून सांगितले नाही, आणि फोडलेली बाटली परत घेत नाही असे उत्तर मिळाले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत यजमान कवच कात्रीने कापून आतला लगदा तुपाच्या घासासोबत घेत होते. ही युक्ती शास्त्राच्या दृष्टीने वाईट नाही, कारण हा पदार्थ मेदात विरघळतो आणि उपाशीपोटी घेतला तर अंगी फारसा लागत नाही. पुढच्या दोन बाटल्या त्याच कंपनीच्या, पण हिरव्या ठिपक्याच्या, शाकाहारी कवचाच्या घेतल्या. दुकानात त्यांची किंमत ६० रुपयांनी जास्त होती. ‘जेवणानंतर घ्यावी’ एवढे पत्रकात आहे, जेवणात तेल-तूप असावे हे मात्र नाही. आणि जे नाही त्यात सर्वांत गंभीर हे की वॉरफेरिन घेणाऱ्यांसाठी एका ओळीचाही इशारा नाही. क्यू-टेनची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या गोळीचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब होऊन कृत्रिम झडप बसवलेली माणसे कमी नाहीत, आणि ती याच दुकानांतून औषधे घेतात.

परिणामाविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या हाती मोजण्यासारखे फार थोडे आहे. पोटऱ्यांचे दुखणे दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस स्पष्टपणे कमी झाले. पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची मात्रा ८० वरून ४० मिलिग्रॅमवर आणली होती, तेव्हा श्रेय कोणाचे हे मी सांगू शकत नाही. स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीवर क्यू-टेनचा उपयोग होतो की नाही, याबाबत झालेल्या चाचण्याही एकमेकींशी जुळत नाहीत. इकोमध्ये हृदयाची पंपशक्ती आधीही ५० टक्के होती आणि नंतरही ५० टक्केच राहिली. त्रास म्हणावा तर पहिल्या आठवड्यात दोनदा मळमळले, तेवढेच. तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांसमोर बाटली ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “घ्यायची असेल तर घ्या, काकू. फक्त हिच्या जोरावर त्यांनी स्टॅटिन सोडली, असं पुढच्या खेपेला ऐकायला लावू नका.” ही भीती पोकळ नाही. रंकाळ्यावरच्या त्याच मित्राने स्वतःची गोळी तीन महिन्यांपूर्वी बंद करून या कॅप्सूलवर भिस्त ठेवली आहे, हे मला त्यानंतर कळले. खोक्यावरचे ते दोन शब्द त्यांनी शब्दशः घेतले होते, आणि छापलेले शब्द शब्दशः घेणाऱ्या माणसाला दोष तरी काय देणार?

तेव्हा माझे मत असे. ज्यांचे हृदय दुबळे आहे आणि ज्यांच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली आहे, त्यांनी हा पदार्थ घ्यायला हरकत नाही. त्यांनी शक्यतो दुकानातून, थंड जागेतली बाटली घ्यावी, युबिक्विनोनचा स्वस्त पर्याय चालेल का हे विचारावे, आणि ठिपका की त्रिकोण हे आधी पाहावे. स्टॅटिनने पाय दुखतात म्हणून घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलावे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पुढचा झटका आला तर हृदय शाबूत राहील या आशेने घेणाऱ्यांनी तेच ८४० रुपये रुग्णालयात जायच्या रिक्षासाठी उशाखाली ठेवावेत, कारण धमनी जितकी लवकर उघडेल तितक्या तंतुकणिका वाचतील, याबाबत तज्ज्ञांत मतभेद नाही. नियमित व्यायामाने प्राण्यांची हृदये अशा इजेला जास्त तोंड देऊ शकतात असे अनेक प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे यजमानांचे रंकाळ्याचे फिरणे मी चालू ठेवले आहे. कॅप्सूलला मी पाचपैकी तीन तारे देते, तिच्या खोक्याला एक.

चौथी बाटली आणलेली नाही. तिसरी संपत आली तेव्हा मी कंपनीच्या ग्राहक सेवेला तीन प्रश्न लिहून पाठवले होते : इस्केमिक इजेपासून संरक्षण हा दावा माणसांवरच्या कोणत्या चाचणीवर आधारलेला आहे, वॉरफेरिनचा इशारा पत्रकात का नाही, आणि उन्हाळ्यात घरपोच पाठवताना बाटली थंड ठेवण्याची काय सोय आहे. दोन दिवसांनी आभाराचे उत्तर आले आणि त्यासोबत पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलतीचा कोड.